'फॅशनिस्टा' : यातला 'इस्टा' कुठला, आणि मराठीत हा शब्द चालवायचा कसा?

काजबटण (धागाकर्ती)

कपड्यांवरच्या मराठी मजकुरात 'फॅशनिस्टा' आता पावलोपावली भेटतो, आणि मुद्रितशोधनात दर वेळी त्याच चार ठिकाणी अडायला होतं.

एक, शब्द कुठून आला? स्पॅनिश म्हणावा तर स्पॅनिश माणूस कपड्याच्या बाबतीत 'मोदा' म्हणतो, 'फॅशन' नाही. दोन, हा शब्द फक्त बायकांसाठी आहे का? शेवटी 'आ' दिसला की लोक 'ती' लावून मोकळे होतात. तीन, फॅशनिस्टा, फॅशनिस्ता, फॅशनीस्टा, फैशनिस्टा यांतलं कुठलं ठेवायचं? आणि चार, 'फॅशनिस्टाला' की 'फॅशनिस्ट्याला'?

मराठी प्रतिशब्द असेल तर उत्तमच. फक्त 'वेशभूषाप्रेमी' नको. तो वाचून गॅदरिंगची आठवण येते.

बोरूबहाद्दर

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, कारण या शब्दाचा जन्मदाखला उपलब्ध आहे. असं भाग्य फार थोड्या शब्दांना लाभतं.

स्टीफन फ्रीड या अमेरिकन पत्रकाराने १९९३ साली 'थिंग ऑफ ब्यूटी' हे जिया कारांजी या मॉडेलचं चरित्र लिहिलं. जिया फिलाडेल्फियाची, १९८६ साली एड्सने गेली, तेव्हा वय २६. पुस्तकात मॉडेलच्या भोवतालचा अख्खा गोतावळा सारखा येतो : मासिकांचे संपादक, छायाचित्रकार, केस आणि मेकअप करणारे, स्टायलिस्ट, डिझायनर, त्यांचे मदतनीस. दर वेळी एवढी यादी कोण लिहिणार? म्हणून त्याने सगळ्यांना मिळून एक शब्द केला, फॅशनिस्टा.

'इस्टा' घेतला तो 'सँडिनिस्टा'वरून. निकाराग्वातल्या या डाव्या क्रांतिकारकांचं नाव पडलं १९३४ साली मारल्या गेलेल्या आउगुस्तो सांदिनो याच्यावरून. संघटना १९६१ची, सत्ता मिळाली १९७९ला. पुढचं सगळं दशक अमेरिकेचं सरकार त्यांच्या विरोधकांना पैसा आणि शस्त्रं पुरवत होतं, त्यामुळे तिथल्या वर्तमानपत्रांत हा शब्द रोजचा झाला होता. 'कुठल्यातरी झेंड्याखाली जमलेले कट्टर लोक' हा वास त्या 'इस्टा'ला तिथून चिकटला. म्हणजे फॅशनिस्टा म्हणताना पहिल्यापासून चिमटा होता : हे लोक फॅशनकडे क्रांती असल्यासारखं बघतात!

शब्द इतका पसरला की २०१३ मध्ये फ्रीडने 'द अटलांटिक'मध्ये लेख लिहून तो काढल्याबद्दल, अर्धी गंमत करत, माफी मागितली.

उसवण

एवढं लांब निकाराग्वाला कशाला जायचं? फॅशन इष्ट आहे ज्याला तो फॅशनिष्ट. इष्टदेवता, इष्टमित्र, तसा. बहुव्रीही समास, विषय संपला. :-)

पोटफोड्या ष

उसवण, स्मायली टाकलीत म्हणून वाचलात. पण हीच व्युत्पत्ती कुणीतरी उद्या गंभीरपणे पुढे पाठवेल, तेव्हा ती कुठे फाटते ते दाखवून ठेवतो.

अशा वेळी तीन गोष्टी तपासायच्या. शब्द पहिल्यांदा कुठे आणि कधी छापला गेला? इथे अमेरिकेत, १९९३. त्या ठिकाणी तुमचं मूळ पोचायला वाट होती का? चरित्र लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या पत्रकाराच्या टेबलावर संस्कृतचा 'इष्ट' येण्याचं कारण दिसत नाही. आणि शब्दाची भावंडं काय सांगतात? पेरोनिस्टा (अर्जेंटिनाच्या पेरॉनचे समर्थक), सँडिनिस्टा, बरिस्टा ही सगळी एका कुळातली. त्यांना 'इष्ट' लावून बघा. बरिस्टा म्हणजे बार इष्ट असलेला? तो बिचारा गिऱ्हाइकाला कॉफी करून देतो, स्वतः पीत नाही. शिवाय 'इष्ट'मध्ये पोटफोड्या ष आहे आणि इथे स. माझ्या नावाला जागून एवढं तरी बोललंच पाहिजे.

आता खरं कूळ. ग्रीकमध्ये 'इझेइन'ने संपणारी क्रियापदं असतात. त्यांच्यापासून 'ते करणारा' असं नाम करताना शेवट 'इस्तेस' होतो. 'बाप्तिझेइन' म्हणजे बुडवणं, पुढे ख्रिस्ती धर्मात बाप्तिस्मा देणं. तो देणारा 'बाप्तिस्तेस'. लॅटिनने ते 'बाप्तिस्ता' करून घेतलं. मग 'इस्ता' हा तुकडा सुटा झाला आणि कशालाही लागू लागला : स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीजमध्ये 'इस्ता', फ्रेंचमध्ये 'इस्त', इंग्रजीत 'इस्ट'. म्हणजे टायपिस्ट, केमिस्ट, फॅशनिस्टा हे एकाच आजोबांचे नातू.

आणि हा प्रत्यय आपल्याकडे फॅशनच्या कितीतरी आधी आलेला आहे, आडनावातून. टिळकांचे सहकारी काका जोसेफ बाप्टिस्टा, १९१६च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर. माझगावच्या टेकडीवरच्या बागेला त्यांचं नाव आहे. त्या 'बाप्टिस्टा'तला 'इस्टा' आणि फॅशनिस्टातला 'इस्टा' एकच.

मांजरपाट

+१. बाप्टिस्टांचं नाव या धाग्यात येईल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. बाप्टिस्टा पुरुष, सँडिनिस्टांची सेना पुरुषांची आणि बायकांचीही. स्पॅनिशमध्ये 'एल आर्तिस्ता' म्हणजे तो कलाकार, 'ला आर्तिस्ता' म्हणजे ती. शब्द तोच, फरक पुढच्या उपपदाचा. त्यामुळे 'तो फॅशनिस्टा' बिनचूक आहे. इंग्रजीत काही जण पुरुषासाठी 'फॅशनिस्टो' वापरतात, तो गैरसमजातून निघालेला शब्द. मराठीत आणायची गरज नाही. उद्या कुणी 'टायपिस्टो' मागेल.

अर्थ मात्र सरकलाय, तो लक्षात ठेवून लिहावं. फ्रीडचा फॅशनिस्टा धंद्यातला माणूस होता : शोला पहिल्या रांगेत बसणारा, पुढच्या हंगामाचे कपडे आज बघणारा. आता इन्स्टावर रोज पोशाख टाकणारी कॉलेजकन्याही फॅशनिस्टा असते. इंग्रजीतला चिमटाही बराच बोथट झालाय. दुकानदार गिऱ्हाइकाला कौतुकाने फॅशनिस्टा म्हणतो. जुन्या मजकुराचं भाषांतर करत असाल तर साल बघून ठरवा. १९९५च्या लेखातला फॅशनिस्टा हा टोमणा असण्याचीच शक्यता जास्त.

बोरूबहाद्दर

तिसरा प्रश्न, लेखन.

'फैशनिस्टा' हे हिंदी वळण, पहिलं बाद. मराठीत अ‍ॅ आहे तो वापरायचा. जुनी मराठी छापील पानं 'फ्याशन' लिहीत, तसंच 'ब्यांक'. आज ते फक्त विनोदी लेखात शोभतं.

'फॅशनीस्टा' चूक. जोडाक्षराच्या आधीचा इकार मराठीत सहसा ऱ्हस्व : शिस्त, भिस्ती, निस्ता. इथे 'स्टा' जोडाक्षर आहे, तेव्हा नि पहिलीच.

ट की त यावर वाद होऊ शकतो. स्पॅनिश उच्चार दंत्य आहे, 'ता'. पण शब्द स्पॅनिशमध्ये बनलेलाच नाही, अमेरिकन इंग्रजीत बनला, तिथून आपल्याकडे आला आणि इंग्रजीचा टी आपल्या कानाला ट लागतो. म्हणून फॅशनिस्टा. शब्द कुठल्या दाराने आत आला ते बघायचं, त्याचं आजोळ बघायचं नाही. पोर्तुगीज दाराने आलेल्या 'इस्त्री'त आणि 'पिस्तूल'मध्ये त आहे, ते त्या दारामुळे.

उसवण

आणि बटाटा? तोही पोर्तुगीज दारानेच आला ना?

बोरूबहाद्दर

बटाट्याने दोन्ही ठिकाणी ट घेतला खरा. नियमाला अपवाद असावा तर असा, रोज ताटात पडणारा.

काजबटण

मग 'फॅशनिस्टा' पक्कं. आता विभक्ती. हे रोजचं दुखणं आहे.

पोटफोड्या ष

आकारान्त पुल्लिंगी नामाचं सामान्यरूप मराठीत साधारण 'या' होतं : घोडा-घोड्याला, वक्ता-वक्त्याला. परके शब्दही त्या रांगेत बसतात : सोफ्यावर, कॅमेऱ्यात, पिझ्झ्यावर. त्या हिशोबाने 'फॅशनिस्ट्याला' व्हायला हवं. पण बोलून बघा. गण्या, बंड्या, पक्या यांच्या शेजारी फॅशनिस्ट्या नाक्यावर उभा राहतो. तोच परिणाम हवा असेल तर जरूर वापरा.

नको असेल तर दुसरी रांग आहे : काका, मामा, दादा, राजा. यांचं सामान्यरूप बदलत नाही. मामाला, दादाने, राजाचा. फॅशनिस्टा त्या रांगेत बसवा :

एकवचन : फॅशनिस्टाने, फॅशनिस्टाला, फॅशनिस्टाचा.
अनेकवचन : फॅशनिस्टा आले. फॅशनिस्टांनी, फॅशनिस्टांना, फॅशनिस्टांचा.

अनेकवचनात अनुस्वार विसरू नये, 'फॅशनिस्टाना' ही सर्रास दिसणारी चूक. 'फॅशनिस्टाज' किंवा 'फॅशनिस्टास' लिहू नये, इंग्रजी अनेकवचनावर मराठी प्रत्यय चढवला की 'फॅशनिस्टाजना' असं काहीतरी होतं आणि वाचणारा ठेचकाळतो.

स्त्रीलिंगातही हेच रूप ठेवा. शाळा-शाळेला, नायिका-नायिकेला या चालीवर 'फॅशनिस्टेला' करता येईल, पण कानाला झेपत नाही. विशेषनामांना आपण 'सीमाला' म्हणतोच. आणि 'आत्या' तर दोन्हीकडे पाय ठेवून उभी आहे : आत्याला, पण आत्येभाऊ.

नाडीपरीक्षा

चौथ्या प्रश्नापेक्षा मला प्रतिशब्दाचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण या शब्दाचं मर्म 'फॅशन'मध्ये नाही, प्रत्ययात आहे. फॅशन शब्द आपल्याकडे आहेच. हवा आहे तो असा प्रत्यय, जो 'त्यातच बुडालेला' म्हणेल आणि म्हणताना गालातल्या गालात हसेल.

तो आपल्याकडे आहे : बाज.

फारसीत 'बाख्तन' म्हणजे खेळणं, डावावर लावणं. त्याचा 'बाज' म्हणजे खेळणारा. प्राण पणाला लावतो तो जांबाज. (शिकारी पक्षी बाज वेगळा, आणि झोपायची बाज तर त्याहून वेगळी.) मराठीत या बाजला खट्याळ वळण लागलं : नखरेबाज, चालबाज, बंडलबाज, दगाबाज, चैनबाज. हिंदीत तो बराच सरळमार्गी आहे, तिथे बॅट धरणारा बल्लेबाज. आपण क्रिकेटसाठी 'अंदाज' घेतला, म्हणजे फेकणारा, मारणारा : गोलंदाज, फलंदाज. त्यामुळे मराठीतला बाज चिमटा काढायला मोकळा राहिला. 'ऐटबाज' आणि 'धडाकेबाज' मात्र कौतुकाचे आहेत, म्हणजे फक्त शिवी म्हणूनच चालतो असंही नाही. फॅशनिस्टाची आजची स्थिती नेमकी हीच आहे, थोडी चेष्टा, थोडं कौतुक.

म्हणून : फॅशनबाज. व्याकरणाचा त्रास शून्य. नखरा आकारान्त म्हणून 'नखरेबाज' होतो. ऐटला काही होत नाही, तसं फॅशनलाही होत नाही. फॅशनबाजाला, फॅशनबाजांना, फॅशनबाजी. तो, ती, दोघांना चालतो.

मांजरपाट

फॅशनबाज आवडला, पण सगळीकडे नाही. 'फॅशनबाजांसाठी खास कलेक्शन' असं दुकानाने लिहिलं तर गिऱ्हाईक दुखावेल. बाज बोलणाऱ्याच्या तोंडी शोभतो, विकणाऱ्याच्या नाही.

बोरूबहाद्दर

आपल्या घरात आधीच काय काय आहे तेही बघू. एकसारखे वाटतात, पण अदलाबदल करून चालत नाहीत.

छानछोकी ही वृत्ती, माणूस नव्हे. 'तो छानछोकी आहे' चूक, 'त्याची छानछोकी चालू आहे' बरोबर. त्यात पैसा उडवल्याची तक्रार असते, बहुधा बापाची.

छेलछबिला म्हणजे दिसण्यात देखणा आणि ते जाणणारा. 'छबी'वरून छबिला. लावणीत सहज, बातमीत विचित्र.

नट्टापट्टा ही क्रिया आहे, ती तासाभरात संपते. फॅशनिस्टा मात्र चोवीस तास फॅशनिस्टा. नखरेलमध्ये हावभाव जास्त, कपडे कमी.

पोशाखी हा तर सापळा आहे. वरवर बघता 'पोशाखाची आवड असलेला' वाटतो, पण 'पोशाखी नेता' म्हणजे नुसता दिखाऊ, कामाला शून्य. फॅशनिस्टाचं भाषांतर 'पोशाखी' केलंत तर कौतुकाच्या लेखात शिवी छापली जाईल.

आणि फाकडा. हा माझा लाडका. कपड्यांत रुबाब, चालण्यात ऐट आणि अंगात धमक, तिन्ही लागतात. कंपनी सरकारचा कॅप्टन जेम्स स्टुअर्ट जानेवारी १७७९ मध्ये, वडगावच्या लढाईआधी, कार्ल्याजवळ मारला गेला. मराठ्यांनी शत्रू असूनही त्याला नाव दिलं 'इष्टुर फाकडा'. कोट कितीही झकपक असो, त्यावर कुणी फाकडा होत नाही. म्हणून हा फॅशनिस्टाचा प्रतिशब्द नाही, त्याच्या दोन पायऱ्या वरचा आहे.

उसवण

स्टुअर्टचा इष्टुर होतो, म्हणजे 'इष्ट' शेवटी आलाच की धाग्यात.

पोटफोड्या ष

तो 'इ' वेगळा. सुरुवातीला 'स्ट' जोडाक्षर आलं की जीभ आधाराला आधी 'इ' घेते : इष्टेशन, इस्टुल. तिथे व्युत्पत्ती नाही, जिभेची सोय आहे.

काजबटण

अजून एक. युरोपातल्या जुन्या काळावर मजकूर असेल, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले नटवे पुरुष वगैरे, तर तिथे 'फॅशनिस्टा' चालेल?

मांजरपाट

नको. त्या प्रत्येक काळाचा स्वतःचा शब्द आहे, आणि तो शब्दच निम्मी माहिती सांगतो.

१७६०-७०च्या दशकांत लंडनमध्ये 'मॅकरोनी' होते. श्रीमंतांची पोरं शिक्षण म्हणून युरोपची मोठी सफर करून येत, इटलीहून तिथल्या चालीरीती आणि पास्त्याची आवड घेऊन येत, म्हणून हे नाव. इंग्रज लेखक हॉरेस वॉलपोलच्या १७६४च्या एका पत्रात मॅकरोनी क्लबचा उल्लेख आहे : लांब कुरळ्या बटा आणि हातात दुर्बिणीची काच. पुढे डोक्यावरचा केसांचा टोप उंच उंच होत गेला आणि त्यावर एवढीशी टोपी. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरचं डार्ली दांपत्याचं छापखान्याचं दुकान त्यांची व्यंगचित्रं मालिकेने विकत असे. 'यँकी डूडल' गाण्यात टोपीला पीस खोचून त्याला मॅकरोनी म्हणतात, ते हेच. पास्त्याचा तिथे संबंध नाही, खेडवळ अमेरिकन पिसालाच लंडनची फॅशन समजतो अशी टिंगल आहे. भुवयांवर पिवळे तुरे असलेल्या एका पेंग्विनला मॅकरोनी पेंग्विन म्हणतात, तेही याच लोकांवरून.

त्यानंतरचा 'डँडी' म्हणजे उलटी गंगा. बो ब्रमेल (१७७८-१८४०) याने भपका काढून टाकला : गडद कोट, अंगासरशी बेतलेला, आणि सगळं लक्ष गळ्याशी. त्याची रीत अशी. सदऱ्याची कॉलर इतकी उंच की दुमडण्याआधी चेहरा झाकून जाई. ती आधी दुमडायची. मग हलकी खळ दिलेली, फूटभर रुंदीची पांढरी मलमल गळ्याभोवती घ्यायची, हनुवटी छताकडे करून. मग आरशासमोर जबडा हळूहळू खाली आणायचा, म्हणजे कापडाला आपोआप नीट चुण्या पडतात. चुणी वाकडी पडली की ती मलमल बाद, कारण खळीच्या कापडाला एकदा पडलेली घडी हाताने पुसता येत नाही. नवीन घ्यायची, पुन्हा छताकडे बघायचं. खळ जास्त झाली तर कापड जबड्याला दाद देत नाही, कमी झाली तर दुपारपर्यंत गळ्याशी बोळा. अशा माणसाला 'फॅशनिस्टा' म्हटलं तर त्याची सगळी मेहनत पाण्यात.

१८८३च्या न्यूयॉर्कमध्ये इंग्रजांची नक्कल करणाऱ्या नटव्या पोरांना 'ड्यूड' म्हणत. आज त्याच शब्दाने मित्राला हाक मारतात.

आणि फक्त युरोपच कशाला? दोन काँगो देशांच्या राजधान्यांत, ब्राझाव्हिल आणि किन्शासात, 'सापर' आहेत. फ्रेंच बोलीत 'साप' म्हणजे कपडे. त्या चार रोमन अक्षरांना (S-A-P-E) त्यांनी नंतर 'रंगत आणणाऱ्या आणि देखण्या लोकांची संस्था' असा लांबलचक अर्थ बसवला. त्यांच्यात नियम आहे की अंगावर तीनपेक्षा जास्त रंग नकोत. गायक पापा वेम्बामुळे हे जगभर पोचलं. त्यांच्यावर लिहिताना 'सापर'च लिहा आणि पहिल्या वेळी अर्ध्या वाक्यात अर्थ द्या.

नाडीपरीक्षा

'फॅशन' शब्दाचंही एक राहिलं. लॅटिन 'फाकेरे' म्हणजे करणं, त्यावरून 'फाक्तिओ', करण्याची क्रिया. जुन्या फ्रेंचमध्ये तो झिजून 'फासाँ' झाला आणि इंग्रजीत फॅशन. आधी अर्थ नुसता 'घडण, बनावट', कपडे नंतर आले. तोच लॅटिन शब्द न झिजता इंग्रजीत दुसऱ्यांदा गेला तो 'फॅक्शन' म्हणून, म्हणजे गट, कंपू. फॅशन आणि फॅक्शन सख्खे भाऊ. फ्रीडने एका भावाला 'इस्टा' जोडला आणि नेमका दुसऱ्याचा अर्थ परत आणला.

काजबटण

सगळ्यांचे आभार. तर मजकुरात असं करते आहे, तपासा :

१. 'लग्नसराईत पैठणीचं जॅकेट घालणारे फॅशनिस्टा यंदा वाढलेत.'
२. 'या फॅशनिस्टाने आजीच्या इरकलीचा स्कर्ट शिवून घेतला.'
३. 'गल्लीतल्या फॅशनबाजांना उन्हाळ्यातही लेदरचं जॅकेट लागतं.'
४. 'लंडनचे मॅकरोनी हे त्या काळचे फॅशनिस्टाच.'

पोटफोड्या ष

पहिली तिन्ही ठीक. दुसऱ्यात तो की ती हे कळत नाही, पण तिथे कळायची गरजही नाही.

मांजरपाट

चौथ्यातला 'फॅशनिस्टाच' काढा. 'लंडनचे मॅकरोनी हे त्या काळचे नटवे' एवढं पुरे.

आणि दुसऱ्या वाक्यात इरकलीचा स्कर्ट शिवताना काठ खाली ठेवला की पदर, तेही लिहा. पदर खाली घेतला तर त्याच्या जड विणीने घेर एका बाजूला ओढला जातो.